फोन की स्कॅनर: मागच्या बाजूचा प्रश्न

ऑफिस पेपरलेस करायचं तुमचं ठरलंच असेल, तर पुढचा घोळ एकच: कागद फोननं टिपायचे की फीडरवाला, म्हणजे कागदांची चळत आपणच एकेक ओढणारा, स्कॅनर घ्यायचा? नागपूरला सीताबर्डीत माझं जीएसटीच्या कामाचं लहानसं ऑफिस आहे, हाताखाली दोन मुलं. पहिलं वर्ष आम्ही फोनवरच काढलं, मग स्कॅनर आणला.

फोन वाईट नाही. जादा खर्च नाही आणि इतवारीत पार्टीच्या, म्हणजे आमच्या ग्राहकाच्या, दुकानात बसल्या बसल्या काम उरकतं. पेट्रोलची, हॉटेलची थर्मल बिलं तर फोननंच घ्यावीत. तो कागद उष्णतेनंच छापला जातो. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीत काचेखाली राहिला की अख्खा काळा. हाती पडला तिथंच फोटो काढलेला बरा.

स्कॅनरची कटकट म्हणजे पिना. पार्टी एका बिलाला तीन मारते आणि आमचा एक मुलगा दुपारभर त्याच उपसत बसतो. बिल्टीची, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीची, पातळ कार्बन कॉपी फीडर दोन-दोन ओढतो, ती पारदर्शक कव्हरात घालून सोडावी लागते.

तरी मी वळलो, ते एका बिल्टीमुळे. एका पार्टीला नोटीस आली: माल खरंच पोहोचला का, दाखवा. इनपुट क्रेडिटला, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीला, ती अटच आहे. बिल्टी आमच्याकडे होती, फोटोही स्वच्छ. पण माल उतरवल्याचा शिक्का आणि सही होती मागच्या बाजूला, आणि ती कुणी उलटलीच नव्हती. मूळ कागद आम्ही परत केलेले, ते दिवाळीच्या सफाईत रद्दीत गेलेले. पार्टी म्हणाली, "शिक्का मागं होता ना भाऊ, तुम्ही समोरचंच काय पाहून राहिले?" काय बोलणार?

नंतर मुलांना बजावलं, दोन्ही बाजू घ्या. आठवडाभर घेतल्या. शंभर कागद एकेक करून उलटायचे म्हटलं की मीसुद्धा कंटाळेन. दोन्ही बाजू एकदम वाचणाऱ्या स्कॅनरला हे सांगावंच लागत नाही. फक्त त्यातला 'कोरी पानं वगळा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर फिकट शिक्क्याची पाठ तो कोरी समजून टाकून देतो. हे आम्हाला उशिरा कळलं.

तुमचे कागद बहुतेक एका बाजूचे असतील, महिन्याला शे-दीडशे, तर फोनवर भागेल बहुधा. बिल्ट्या, चलनं, सही-शिक्क्याचे कागद रोज येत असतील तर मी आपला स्कॅनरच म्हणेन.

आणि मूळ कागद परत करायची घाई आता आम्ही करत नाही. वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचेच असतात. मी स्कॅन झालेले कागदही तेवढे दिवस खोक्यात ठेवतो. तळमजल्यावर मात्र नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा लोकांच्या घरादारात पाणी शिरलेलं पाहिलंय. आमचे खोके दुसऱ्या माळ्यावर आहेत.