स्वस्तातलं २०० अँपिअर इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: गावच्या विजेवर किती चालतं?

पाच ते आठ हजारांत मिळणारं, सिंगल फेजवर चालणारं, एका हातात उचलता येणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. डब्यावरचं नाव बदललं तरी या किमतीत आतली मांडणी बरीचशी सारखीच असते. म्हणून हे परीक्षण या जातीच्या मशीनचं आहे, एखाद्या कंपनीचं नाही. वखर-डवऱ्याच्या पासा (माती कापणारी लोखंडी पाती), कल्टिव्हेटरचे फाळ, ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागऱ्या, गोठ्याचं गेट, फवारणी पंपाचा स्टँड एवढी कामं घरी करायची असतील तर मशीन जरूर घ्यावं. पैसे वसूल होतात. मात्र सगळे पैसे मशीनवर घालून वायर, केबल आणि रॉडला हात आखडता घेतला तर ते दोन हंगामही टिकणार नाही.

आधी तो २०० चा आकडा बाजूला ठेवू. घरच्या कामाला एवढा करंट लागतच नाही. २.५ मिमीचा ६०१३ रॉड (साध्या लोखंडासाठीचा नेहमीचा वेल्डिंग रॉड) ७० ते ९० अँपिअरवर छान चालतो, ३.१५ मिमीचा १०० ते १२५ वर. चार मिमीचा रॉड १५० च्या पुढं मागतो आणि तो घरगुती मीटरवर चालवायचाच नाही. त्यामुळं २५० चं मशीन घेण्यात अर्थ नाही. २०० चं घ्यायचं ते १२० वर निवांत चालावं म्हणून.

डब्यावर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असते. तिचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. हे माप ४० अंश तापमान धरून ठरवलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात आणि टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. २.५ चा रॉड साधारण मिनिटभरात संपतो, मग स्लॅग (टाक्यावर जमलेली खपली) झाडायचा, नवा रॉड लावायचा, त्यामुळं ८० अँपिअरवर मशीनला आपसूक विसावा मिळतो. ३.१५ चे रॉड सलग ओढले की उन्हाळ्यात मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागणारच. दिवा लागला तर बटण बंद करू नका. पंखा चालू राहिला तरच आतली उष्णता बाहेर पडते. बंद केलं की तीच उष्णता आतल्या पार्टांत मुरते.

आता विजेकडं, कारण मशीन जळतं ते बहुधा इथंच. ८० अँपिअरवर आर्कचा (रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीचा) व्होल्टेज साधारण २३ असतो, म्हणजे १,८५० वॅट. मशीनमधला तोटा आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा) धरला तर मीटरकडून १३-१४ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे बसतं. १२० अँपिअरला मात्र हाच आकडा २१-२२ वर जातो. तिथं १६ चा प्लग वितळतो, त्याला ३२ चा औद्योगिक प्लग आणि स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) हवा. व्होल्टेज १८० वर आला की तेवढ्याच कामाला करंट आणखी वाढतो. म्हणजे लाइन कमजोर असेल तेव्हाच वायर जास्त तापते.

एक्स्टेन्शन बोर्डची एक स्क्वेअर मिमीची वायर यासाठी वापरू नका. घरापासून गोठ्यापर्यंत ३० मीटर अंतर धरा. १५ अँपिअरला एक स्क्वेअरच्या वायरीत सुमारे १६ व्होल्ट गळतात, अडीचमध्ये साडेसहा, चारमध्ये चार. चार स्क्वेअरची तांब्याची तीन-कोर वायरच घ्या. काम करताना ती पूर्ण उलगडून टाका. गुंडाळीत राहिलेली वायर गरम होऊन आवरण सोडते.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. वावरातल्या स्टार्टरच्या पेटीतून दोन फेज उचलून हे मशीन कधीही लावू नका. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि मशीन २३० चं आहे. बटण दाबताच आतले कपॅसिटर फुटतात. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन दोन फेजवर चालायचं, म्हणून ही सवय गावोगावी आहे. दुसरी गोष्ट, न्यूट्रल मिळत नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून तिलाच न्यूट्रल करणं. त्यानं शेजारी उभं असलेलं ढोर किंवा माणूस दगावू शकतं. लाइनवर भरवसा नसेल तर प्लग लावण्याआधी मल्टिमीटरनं व्होल्टेज पाहा. १७० च्या खाली किंवा २६० च्या वर असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

डब्यासोबत येणारं सामान हलकं असतं. केबल दोन-अडीच मीटरच्या, आणि बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या. एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली की समजलं. २५ स्क्वेअरची तांब्याची वेल्डिंग केबल दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर घ्या, चांगला होल्डर घ्या आणि अर्थचा क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) पितळेच्या जबड्याचा घ्या. मशीनच्या तोंडाशी पिन घालून ती उजवीकडं फिरवून आवळायला विसरू नका. ढिल्या पिनेनं सॉकेट काळं पडतं आणि दोष मशीनला लागतो. सोबतच्या हातातल्या ढालीची काच बदलून ११ नंबरची बसवा. नुसता काळा गॉगल चालत नाही, त्यानं चेहरा भाजतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

मशीनचा खरा कस पाशीवर लागतो. जुन्या गाडीच्या कमानपट्टीची (लीफ स्प्रिंगची) पास करणं हा आपल्याकडचा चांगला, स्वस्त मार्ग आहे. पण कमानपट्टीत कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो. साध्या लोखंडासारखं वेल्डिंग मारलं तर टाका मजबूत दिसतो, आणि पहिल्याच तासात ढेकूळ लागून पास टाक्याच्या कडेनं तुटते. टाका शाबूत राहतो, तुटते ती शेजारची पट्टी. आजूबाजूचं थंड लोखंड उष्णता झपाट्यानं ओढून घेतं आणि टाक्यालगतची एक अरुंद पट्टी काचेसारखी कडक होऊन बसते. लोखंड कुठलं आहे हे ग्राइंडरच सांगतो. साध्या पट्टीच्या ठिणग्या लांब, पिवळ्या आणि सरळ जातात, कमानपट्टीच्या ठिणग्या टोकाशी झुपक्यानं फुटतात.

पद्धत अशी. दोन्ही कडा ग्राइंडरनं ३० अंशांत तासा, टोकाला दोन मिमी सपाट ठेवा, मध्ये दोन मिमी फट सोडा. टाक्यालगत दोन्हीकडं रुपयाएवढी जागा घासून चकचकीत करा. मग पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच भाग तापवा. चकचकीत जागेचा रंग बघत राहा. आधी गवती पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे साधारण ३०० अंश. जांभळ्यावरून निळ्याकडं रंग वळला की जाळावरून काढून लगेच सुरू करायचं. रॉड ७०१८ (कमी हायड्रोजनचा, तडा टाळणारा), २.५ मिमीचा, ८० ते ९० अँपिअरवर, होल्डर प्लसला. आर्क आखूड ठेवा, रॉड जवळजवळ टेकवूनच ओढा. झाल्यावर पाणी नाही, वारा नाही. कोरड्या राखेच्या टोपल्यात रात्रभर पुरून ठेवा.

सकाळी तडा तपासायचा. टाक्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर पांढऱ्या पुडीत केसाएवढी ओली रेघ उमटते. रेघ दिसली की टाका पूर्ण घासून काढा. वरून दुसरा थर दिल्यानं खालचा तडा बुजत नाही.

साध्या लोखंडाला एवढा व्याप नाही, ६०१३ पुरतो. १६ गेजच्या चौकोनी पाइपला २.५ च्या रॉडनं भोकं पडत असतील तर २ मिमीचा रॉड घ्या, ५० अँपिअर ठेवा, होल्डर मायनसला लावा आणि अर्धा-अर्धा इंच टाका मारत चला. जस्ताच्या पाइपचा मुलामा दोन इंचांपर्यंत आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा, कारण तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. बिडाच्या पुलीला किंवा पंपाच्या केसिंगला निकेलचा रॉड लागतो. तो महाग असतो, आणि गावातल्या घाईत ते काम क्वचितच साधतं. रोटाव्हेटरची पाती मात्र जोडू नका. ती उष्णता देऊन कडक केलेली असतात, जोडाशी तुटून गोळीसारखी उडतात. नवी पाती बोल्टासहित बसवा.

पावसाळ्यात रॉड ओलसर होतात. आर्क फुटफुटतो आणि टाक्यात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. ६०१३ चे रॉड १०० ते १२० अंशांवर तासभर वाळवले की पूर्ववत होतात. ७०१८ ला ३०० च्या वर तापमान लागतं, ते चुलीवर राखता येत नाही. म्हणून ७०१८ चं छोटं पाकीट घ्या आणि उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हंगामाची कामं मृगाच्या आधी उरकली तर ही कटकटच येत नाही.

कोरड्या दिवसांत मशीनचा शत्रू धूळ. पंखा समोर येईल ते आत ओढतो. तुरीचं-सोयाबीनचं कुटार (मळणीचा भुसा) बोर्डावर बसून ओलावा धरतं, आणि ग्राइंडरचा लोखंडी भुसा तर थेट शॉर्ट करतो. ग्राइंडर मशीनपासून दोन मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला चालवा. महिन्यातून एकदा कोरडी हवा मारा. कव्हर उघडायचं असेल तर प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असते. झरोक्यांतून पाली आणि मुंग्याही शिरतात, म्हणून काम नसेल तेव्हा मशीन थंड झाल्यावर गोणपाटाच्या पिशवीत बांधून ठेवा.

जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन यापेक्षा एका बाबतीत सरस आहे: ते जळलं तर मोटार गुंडाळणारा ते पुन्हा भरून देतो. इन्व्हर्टरचा बोर्ड गेला की नागपूर-अमरावती-अकोल्याची वाट धरावी लागते, आणि बोर्डाची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास जाऊ शकते. म्हणून दुकानातच विचारा, दुरुस्ती कुठं होते, पंखा आणि बोर्ड सुटा मिळतो का. पैसे देण्याआधी मशीन तिथंच लावून १०० अँपिअरवर ३.१५ चे दोन रॉड सलग जाळा. आर्क मध्येच तुटू नये, पंख्याची हवा मागून जोरात यावी, केबलची पिन हाताला चटका देऊ नये. बिल पक्कं घ्या आणि त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी दुकानदार हात वर करतो.