कंपनी मेलला उत्तर देत नाही? १९१५ची मदत कुठे होते, कुठे अडते

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आता बऱ्याच जणांना पाठ आहे. सेवा मोफत आहे, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि मराठीतून बोलता येतं. तरीही मेलवर मेल करून कंपनी गप्पच बसली असेल, तर फोनपेक्षा हेल्पलाइनची वेबसाइट वापरावी. फोनवर तुम्ही सांगता आणि समोरची व्यक्ती आपल्या शब्दांत टाइप करते. ऑर्डर नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की कंपनी "अशी नोंद सापडत नाही" असं कळवून मोकळी होते. वेबसाइटवर मजकूर तुमचाच राहतो, शिवाय बिल आणि स्क्रीनशॉट जोडता येतात.

या सेवेची खरी ताकद तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांत आहे. हजाराहून जास्त कंपन्या हेल्पलाइनच्या भागीदार आहेत. त्यांच्याबद्दलची तक्रार नोंदवली की ती थेट त्यांच्याकडे जाते आणि कंपनीचं उत्तर तुमच्या डॉकेट नंबरखाली, म्हणजे हेल्पलाइनने तक्रारीला दिलेल्या नोंद क्रमांकाखाली दिसतं. तुमचा साधा मेल सपोर्टच्या ढिगात पडून राहतो. डॉकेट मात्र वेगळ्या दाराने आत जातो आणि त्यावर सरकारी नोंद असते, म्हणून तो सहसा कोणीतरी वाचतं. भागीदार नसलेल्या कंपनीला हेल्पलाइनसुद्धा कळवण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. गल्लीतल्या दुकानाच्या बाबतीत तर फार अपेक्षा ठेवूच नये.

बऱ्याच तक्रारी कंपनीचं नाव निवडतानाच फसतात. ॲपवर ब्रँडचं नाव एक असतं आणि बिलावर विक्रेता म्हणून भलतीच प्रायव्हेट लिमिटेड असते. बिलावरचं नाव मजकुरात जसंच्या तसं लिहा आणि वस्तू कोणत्या ॲपवरून घेतली तेही सांगा. नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

पण डॉकेटमध्ये जीव येतो तो आधी पाठवलेल्या मेलमुळे, आणि गडबड बहुतेक तिथेच झालेली असते. सपोर्टचं सॉफ्टवेअर तुमचा मेल विषयाच्या ओळीतल्या तिकीट नंबरावरून (कंपनीने तुमच्या तक्रारीला दिलेल्या क्रमांकावरून) जुन्या मेलशी जोडतं. रागाच्या भरात रोज नवा मेल टाकला की रोज नवं तिकीट तयार होतं आणि तुम्ही रांगेत पुन्हा शेवटी जाता. म्हणून आठवण करून द्यायची ती त्याच मेलला रिप्लाय करून. खरेदीसाठी दिलेल्या मेल आयडीवरूनच लिहा, नाहीतर तुमचं खातं सापडत नाही. "नो-रिप्लाय" पत्त्यावर पाठवलेलं कोणी वाचत नाही. मोबाइलवर काढलेले पाच-सहा मोठे फोटो जोडले तर मेल अडकू शकतो, त्यामुळे फोटो लहान करून एकाच पीडीएफमध्ये घाला. "तुमची समस्या सुटली का?" असा मेल आला तर "नाही" असं लगेच कळवा, कारण उत्तर न मिळाल्यास अनेक ठिकाणी तिकीट आपोआप बंद होतं.

विषयाची ओळ अशी असावी: "मिक्सर १२ जूनला परत केला, ३,४९९ रुपये परतावा बाकी, ऑर्डर क्रमांक अमुक". खाली चार ओळी पुरतात: काय घेतलं, काय बिघडलं, काय हवंय आणि कोणत्या तारखेपर्यंत. "लवकरात लवकर" असं लिहू नका, तारीखच घाला. एका मेलमध्ये दोन तक्रारी घातल्या की सोपी तेवढी सोडवतात आणि तिकीट बंद करतात.

वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर दुसरा मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जायला हवा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. वेबसाइटच्या तळाशी "ग्रिव्हन्स" या शब्दाखाली किंवा वापराच्या अटींमध्ये शोधा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. मेलमध्ये या नियमांचा उल्लेख एका ओळीत करा. सपोर्टला आणि अधिकाऱ्याला एकत्र मेल करू नका, कारण मग प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघेल. दुकानातून घेतलेल्या पाकीटबंद वस्तूवर तक्रारीसाठीचा पत्ता आणि फोन छापलेला असतो, तिथून सुरुवात करा.

४८ तासांत पोच आली नाही की डॉकेट नोंदवायला हरकत नाही. महिना संपायची वाट पाहू नका. फक्त अधिकाऱ्याला पाठवलेला मेल पीडीएफ करून सोबत जोडा.

परतावा, न आलेली वस्तू, वॉरंटीची दुरुस्ती अशा मोजता येणाऱ्या मागण्यांसाठी ही सेवा नक्की वापरावी. मनस्तापाची भरपाई इथे मिळत नाही, कारण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकारच नाही. दुसरी उणीव जास्त टोचते: कंपनीने "ग्राहकाशी संपर्क केला" एवढंच लिहिलं तरी त्याची उत्तर म्हणून नोंद होऊ शकते, पैसे मिळोत न मिळोत. म्हणून डॉकेटची स्थिती दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा. बँकेची तक्रार असेल तर इथे वेळ घालवू नका. बँकेला लेखी कळवा आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. आधी बँकेला लेखी कळवलेलं नसेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.

एवढं करूनही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते, कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची. तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मेलची साखळी, पोच आणि डॉकेटची प्रत तिथे पुरावा म्हणून जोडता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे आणि हेल्पलाइनवर गेलेले महिने त्यातून वजा होत नाहीत.