पेट फूडच्या दुकानाला ॲप करायचं की व्हॉट्सॲपवरच भागवायचं?

ओळखीतल्या एकाचं कोथरूडला पेट शॉप आहे, त्याला होम डिलिव्हरीसाठी ॲप करायचंय. मी ॲप डिझाइनचं काम करतो आणि घरी लॅब्रेडॉर पण आहे, म्हणून त्याने मलाच धरलं. त्याला जे सांगितलं तेच लिहितोय.

आधी व्हॉट्सॲप. बिझनेस ॲप फुकट आहे, कॅटलॉगमध्ये 500 पर्यंत वस्तू टाकता येतात आणि गिऱ्हाईकाला काहीच शिकवावं लागत नाही. माझी आई रिकाम्या पिशवीचा फोटो काढून "हेच पाठवा" टाकते, संपला विषय, आणि खरं सांगतो यापेक्षा सोपी स्क्रीन मी आजवर बनवलेली नाही. पत्ता पण "मारुतीच्या देवळामागे, तिसरा मजला, लिफ्ट नाही" असा व्हॉइस नोटमध्ये जातो. 20 किलोची गोणी उचलणाऱ्या पोराला यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि ॲपवाले नेमका तोच विचारत नाहीत.

घोळ होतो तो व्हरायटीत. पपी आणि ॲडल्टची पिशवी बऱ्याचदा सारखीच दिसते, आमच्याकडे एकदा ॲडल्टच्या जागी पपीचं आलं आणि ते पिशवी फोडल्यावर कळलं, मग परत कोण घेणार. शिवाय ब्रॉडकास्ट मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि रविवारी संध्याकाळी सगळे एकदम मेसेज करायला लागले की कुणाचं तरी खाली राहून जातंच.

ॲपमध्ये हा घोळ टळतो, पण नीट केलं तरच. गुगल प्लेची फी एकदाच 25 डॉलर, ॲपलची दरवर्षी 99, हा किरकोळ खर्च झाला, खरा खर्च दर महिन्याला स्टॉक आणि भाव अपडेट ठेवण्याचा. गुगलवर नवं वैयक्तिक अकाउंट असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं, म्हणजे "पुढच्या आठवड्यात लाँच" विसरायचं. पहिल्या स्क्रीनवर ओटीपी, ईमेल, कुत्र्याची जात, वाढदिवस असलं काही मागू नका, पिनकोड घ्या आणि माल दाखवा. नंतर होम स्क्रीनवर सगळ्यात वर मागची ऑर्डर, वजन आणि वयोगट ठळक, आणि एकच बटण, 'परत मागवा'. एक्सपायरी तारीख पण दिसू द्या, किलोमागे भाव पण. भुंकण्याचा नोटिफिकेशन आवाज मात्र ठेवू नका, आमचा दरवेळी दाराकडे पळतो.

आता खरा वाद, सबस्क्रिप्शन की आठवण. अमेरिकेत च्युई नावाच्या, पाळीव प्राण्यांचा माल ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीची 70 टक्क्यांहून जास्त विक्री ऑटोशिपवर, म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप जाणाऱ्या ऑर्डरवर चालते, ते बघून आपल्याकडे पण सगळ्यांना तेच हवं असतं. हिशोब सोपा वाटतो, मोठा लॅब्रेडॉर दिवसाला साधारण 350 ग्रॅम खातो, म्हणजे 10 किलो महिनाभर. पण आमच्याकडे त्याला सकाळी पोळी, दुपारी दहीभात आणि रविवारी चिकनचं पाणी मिळतं, त्यामुळे तीच पिशवी कधी 40 दिवस जाते तर कधी पाहुण्यांचा कुत्रा आला की 25. ठरलेल्या तारखेला पिशवी आली की ती साठते, आणि पावसाळ्यात उघड्या पिशवीला दमट वास यायला आणि मुंग्या लागायला वेळ लागत नाही. यूपीआय ऑटोपे असेल तर पैसे कटायच्या 24 तास आधी सूचना येते आणि 15,000 पर्यंत पिन पण लागत नाही, पण ती सूचना वाचतो कोण, पैसे गेल्यावर फोन येतो दुकानदारालाच. म्हणून मी आठवणीच्या बाजूने आहे, 24व्या दिवशी "संपत आलं का?" विचारायचं, 'पाठवा' आणि 'अजून 10 दिवस' अशी दोनच बटणं. सबस्क्रिप्शन ठेवायचंच तर मांजरवाल्यांच्या लिटरसाठी, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूसाठी ठेवा, तिथे दहीभात मध्ये येत नाही.

झटपट डिलिव्हरीवाल्यांकडे माल लावायचा तिसरा पर्याय पण त्याने विचारला. ट्रीट आणि छोटी पाकिटं खपतील, पण गिऱ्हाईक त्यांचं होतं, तुमचं नाही.

माझं मत, रोजच्या 15-20 ऑर्डर असतील तर व्हॉट्सॲपच ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाईकाचं कुत्र्याचं नाव, वय, पिशवी, शेवटची तारीख एका शीटमध्ये लिहायला लागा. रोजच्या 50 च्या वर गेल्या आणि चुकीच्या पिशव्या परत यायला लागल्या की ॲप करा, तेव्हा हीच शीट ॲपमध्ये टाकायची, म्हणजे जुन्या गिऱ्हाईकाला पहिल्याच दिवशी त्याची पिशवी समोर दिसेल. त्याने शीट सुरू केलीय, पहिलं नाव आमच्या लॅब्रेडॉरचं आहे, वय चुकवलंय.