सॅस्काटून: नदीकाठाला पाच स्टार, बाकीचं सांगतो

सोलापुरातनं कॅनडाला पोरं जायला लागली तसं त्यांच्या मागनं आईबाप, मामा-काका पण जायला लागलेत आणि सगळ्यांचा प्लॅन एकच, टोरांटो, नायगारा, आणि उरलेच पैसे तर व्हँकुव्हर. आमचा भाचा सॅस्कॅचेवान राज्यातल्या सॅस्काटूनला शिकायला आहे म्हणून आम्ही तिकडं गेलो, मी, मिसेस आणि आमचे आप्पा. नाहीतर आमचा आणि त्या भागाचा संबंध मसूर डाळीपुरता. मार्केट यार्डात भुसारचा धंदा असल्यामुळं कॅनडाचा मसूर, त्याचा भाव, कंटेनर कधी लागणार हे रोजचंच बोलणं, पण तिथं कुणी फिरायला जात असेल असं काय डोक्यात नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच कटतील. गाव मस्त आहे, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर लईच मस्त, आणि तिथली सगळ्यात भारी गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे नदीचा काठ. तिकीट काढून बघायच्या जागा दोनच धरा. बाकी ठिकाणी पैसे घालवण्यापेक्षा चांगले बूट घ्या आणि चाला.

आम्ही गणपती विसर्जन झाल्यावर निघालो, घट बसायच्या आत मिसेसना घरी यायचं होतं. भारतातनं सॅस्काटूनला डायरेक्ट विमान नाही, टोरांटो किंवा व्हँकुव्हर असं कुठंतरी उतरून बदलावं लागतं, म्हातारं माणूस बरोबर असेल तर मधे भरपूर वेळ ठेवा आणि व्हीलचेअर तिकिटातच सांगून ठेवा, त्याचे जादा पैसे नाहीत आणि इमिग्रेशनची लाइन पण सुटते. आप्पा आधी म्हणाले मी काय लंगडा आहे का, नंतर परत येताना स्वतःच विचारत होते, खुर्ची सांगितलीय ना.

आता नदी. नाव साउथ सॅस्कॅचेवान, पाणी येतं रॉकी पर्वतातनं, आणि गावाच्या मधोमध वळण घेत जाते. दोन्ही काठांनी चालायला रस्ता केलाय, मिवासिन ट्रेल म्हणतात, सगळे फाटे धरून शंभर किलोमीटरच्या वर भरतो. कुठं डांबरी, कुठं नुसती झाडीतली पायवाट. गावातले आठ-नऊ पूल त्याला जोडलेले, त्यामुळं एका पुलावरनं जायचं, काठाकाठानं चालायचं, दुसऱ्या पुलावरनं परत यायचं, असं रोज वेगळं करता येतं. आणि रस्ता आणि पाणी ह्यांच्यामधे कुणाचं कंपाउंड नाही, मंगल कार्यालय नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स नाही. मला वाटलं माणसंच कमी म्हणून असेल, पण भाच्यानं सांगितलं की १९७९ साली कायदा करून ह्या काठासाठी मिवासिन म्हणून वेगळी संस्थाच काढलीय, सरकार, महानगरपालिका आणि युनिव्हर्सिटी तिघांची मिळून, आणि त्याच्या आधी रेमंड मोरियामा म्हणून एक आर्किटेक्ट होते त्यांच्याकडनं पुढच्या शंभर वर्षांचा आराखडा करून घेतलेला. शंभर वर्षांचा! आपल्याकडं नदीकाठ म्हटलं की पहिल्यांदा कुणीतरी चार पत्रे ठोकतो, मग त्याला लाइटचं कनेक्शन मिळतं, मग तो नगरसेवक होतो.

झाडांबद्दल एक स्पष्ट सांगतो. कॅलेंडरवर असतात तशी लालभडक मेपलची झाडं बघायची असतील तर ओंटारिओ, क्युबेककडं जा, इथं सगळं पिवळं असतं. ऍस्पेन, बर्च, ऍश, सगळी एकदम हळदीची. ऍस्पेनची पानं बारक्या वाऱ्यावर पण थरथरत राहतात आणि त्याचा एक सतत आवाज येतो, मिसेसना पहिल्या दिवशी वाटलं पाऊस आला, छत्री काढली त्यांनी. दुपारी १८-१९ डिग्री, पहाटे ४-५, कधी त्याच्या पण खाली. ऊन कडक पण हवा गार आणि एकदम कोरडी, ओठ फुटतात, व्हॅसलीन खिशात ठेवा.

पुलांपैकी ब्रॉडवे ब्रिज चालत पार कराच. काँक्रीटच्या कमानींचा, १९३२ सालचा. मंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम नव्हतं म्हणून रोजगार द्यायला बांधलेला, आपल्या रोजगार हमीसारखंच, फक्त ह्यांनी खडी फोडण्याऐवजी पूल केला आणि तो अजून वापरात आहे. पूर्वेचा काठ उंच असल्यामुळं पूल चक्क चढाचा आहे, आप्पा मधे दोनदा थांबले. तिथनं बेसबरो हॉटेल समोर दिसतं, राजवाड्यासारखं, रेल्वे कंपनीनं बांधलेलं, इमारत १९३२ ला उभी राहिली पण मंदीमुळं उघडायला १९३५ उजाडलं. राहायचं असेल तर खिसा बघा, आम्ही मागच्या बागेतनं बघितलं, तेवढं पुरलं.

खाली रेल्वेचा जुना पूल आहे त्याच्याजवळ नदीत बंधारा आहे, पाणी घसरून पडतं, आणि तिथं उन्हाळाभर पांढरे पेलिकन पक्षी मासे मारत बसतात. आम्ही गेलो तोपर्यंत बरेचसे दक्षिणेला निघून गेलेले, थोडे राहिलेले. बंधाऱ्यावरनं मासा घरंगळत खाली आला की बरोबर तिथंच चोच उघडून ठेवलेली, धावपळ काही नाही, मासा आपोआप घरपोच. आप्पा म्हणाले, हा जकात नाक्यावरचा माणूस आहे. संध्याकाळी बदकांचे, म्हणजे ते कॅनडा गीस, त्यांचे थवेच्या थवे नदीतल्या वाळूच्या बेटांवर उतरतात, लई कालवा करतात, आणि पायवाटेवर घाण पण तेवढीच करतात, खाली बघून चाला.

नदीत बोटीची पण राइड आहे. केली. ठीक. पूल खालनं दिसतात एवढाच फरक, बाकी जे दिसतं ते काठावरनं चालत पण दिसतं, तेही थांबून थांबून. लहान पोरं बरोबर असतील तर घ्या.

तिकिटाच्या दोन जागा म्हणालो त्यातली पहिली रेमाई मॉडर्न. नदीला लागूनच, २०१७ ला उघडलेलं कलादालन, पिकासोच्या लिनोकटचा म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा चारशेच्या वर नगांचा संग्रह आहे यांच्याकडं, अर्थात सगळी एका वेळी लावलेली नसतात. मला त्यातलं फार कळतं असं नाही, पण मिसेसचं माहेर चादरीच्या कारखान्यातलं, त्या एकेका चित्रासमोर उभ्या राहून कुठला रंग आधी, कुठला नंतर छापला असेल हे मला समजावत होत्या आणि ते ऐकायला मजा आली. आप्पा मोठ्या काचेच्या खिडकीपाशी नदीकडं तोंड करून बसले, त्यांचे पैसे तिथंच वसूल.

दुसरी जागा वानुस्केविन, आणि ही चुकवली तर सॅस्काटूनला गेलात असं म्हणूच नका. गावाच्या उत्तरेला, गाडी लागते. क्री, डकोटा अशा तिथल्या मूळ लोकांची ही जागा, एक ओढा नदीला मिळतो त्याच्या घळीत सहा हजार वर्षांपासून माणसं येत-राहत होती त्याच्या खुणा आहेत, हाडं, हत्यारं, दगडांची वर्तुळं. आता ऐका. बायसन म्हणजे ते मोठे केसाळ रानगवे, गोऱ्या लोकांनी शिकार करून जवळजवळ संपवलेले, ते ह्या जागेवर दीडशे वर्षांनी २०१९ च्या डिसेंबरात परत आणून सोडले. बायसनला धुळीत लोळायची सवय. पुढच्या वर्षी ते जिथं लोळायचे तिथलं गवत निघून माती उघडी पडली आणि तिथं एक दगड वर आलेला दिसला, त्याच्यावर कोरलेल्या रेघा. अर्नी वॉकर म्हणून तिथले पुरातत्त्वाचे प्राध्यापक, आयुष्यभर त्याच जागेवर खोदकाम केलेलं, त्यांना तो दिसला. मग आणखी कोरीव दगड सापडले, आणि ज्या दगडी सुरीनं कोरलं असावं ती सुरी पण तिथंच. म्हणजे इतकी वर्षं शिकलेल्या माणसांनी खणलं ते राहिलं एकीकडं आणि जनावरांनी लोळून दाखवून दिलं. आमच्याबरोबरच्या गाइड बाई हे सांगताना हसत होत्या पण डोळ्यात पाणी पण होतं. आप्पांनी हात जोडले, बायसनला की दगडाला मी विचारलं नाही.

तिथल्या रेस्टॉरंटमधे बायसनचं मटण असतं. आम्ही लिंगायत, त्यामुळं आमच्यासाठी सॅस्काटून बेरीचा पाय, म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. ही बेरी दिसायला जांभळाच्या रंगाची बारकी फळं, चवीला गोड आणि मागनं थोडी बदामासारखी. छान. दोनदा घेतला.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचं भागतं, उपाशी राहणार नाही पण खूश पण होणार नाही. ह्या भागात युक्रेनमधनं आलेल्या लोकांची जुनी वस्ती आहे, त्यांची पेरोगी मिळते, बटाटा-चीजचं सारण भरून उकडलेली आणि वरनं परतलेला कांदा. त्याच्यावर बेकन टाकतात म्हणून आधीच नको सांगायचं. आम्ही पिशवीतनं शेंगाची चटणी काढून वर भुरभुरली आणि मग तिला चव आली. चटणी, कडक भाकरी बिनधास्त न्या, फक्त विमानतळावर फॉर्ममधे खाण्याचं सामान आहे म्हणून लिहा, लपवू नका. गावातल्या एका हॉटेलात मात्र डोकं फिरलं. व्हेज दोनदा सांगून, वेट्रेसनं मान हलवून, सूपमधे चिकन. बदलून दिलं, सॉरी पण म्हणाले, पण आप्पांनी त्या दिवशी दुसरं काही खाल्लंच नाही. आणि मेन्यूवरची किंमत खरी धरू नका, त्याच्यावर ११ टक्के टॅक्स लागतो, ५ केंद्राचा, ६ राज्याचा, आणि मग कार्डाचं मशीन पुढं करतात त्याच्यावर टिप किती देणार, १८, २०, २५, आणि ती पोरगी समोर उभी. सूपमधे चिकन घालून वर २५ टक्के.

एक दुपार भाच्यानं गावाबाहेर शेतांकडं नेलं, हे कुठल्या टूरवाल्याच्या लिस्टमधे नसतं पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं बघावंच. सुगी चालू असते. डोळा पोचेल तिथपर्यंत एकच पीक, एकच यंत्र, आणि त्या यंत्रावर एकच माणूस. कॅनडाचा बहुतेक मसूर ह्याच राज्यात पिकतो, आणि त्यांचं हे पीक पण काय वाडवडिलांचं नव्हे, सत्तरच्या दशकात सॅस्काटूनच्याच युनिव्हर्सिटीत त्याच्यावर काम सुरू झालं, १९७८ ला लेअर्ड नावाचं वाण काढलं, तिथनं पुढं वाढत वाढत आपल्या मार्केट यार्डापर्यंत. आप्पांचा पहिला प्रश्न, एवढी मोठी नदी जवळ, पाण्याच्या मोटारी कुठं दिसत नाहीत ते? भाचा म्हणाला, आजोबा, गार्डिनर धरणाच्या आसपास थोडं बागायत आहे, बाकी सगळं पावसावर आणि बर्फाच्या ओलीवर. "म्हंजे मंगळवेढ्याची ज्वारीच की," आप्पा म्हणाले आणि मग खाली बसून माती हातात घेतली, चुरगाळली, वास घेतला. ते गार्डिनर धरण पण मातीचंच, ६४ मीटर उंच, १९६७ ला पुरं झालेलं, गावापासून शंभरेक किलोमीटर. आप्पांना जायचं होतं, वेळ नाही झाला. उजनी भरली का हे मात्र ते तिथनं रोज फोन करून विचारत होते, आणि आमच्या गल्लीत नळ कधी येणार हे पण.

फोनवरनं आठवलं, तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागं आणि हे वर्षभर तेवढंच राहतं, कॅनडाच्या बऱ्याच भागात उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळ मागंपुढं करतात तसं हे लोक करत नाहीत. त्या दिवसांत सात वाजता सूर्य मावळतो, त्यामुळं संध्याकाळचं चालणं पाचला सुरू करा.

कपड्यांचं, जॅकेट इथनं भारीतलं घेऊन जाऊ नका. तिथं वापरलेल्या कपड्यांची मोठी दुकानं असतात, स्वच्छ, धुतलेली, भाच्यानं नेलं तेव्हा मिसेस आधी नाक मुरडत होत्या, नंतर आप्पांसाठी असं जाड जॅकेट काढलं त्यांनी की सोलापुरात ते घालायचा दिवस उगवणार नाही, तरी आप्पांनी बॅगेत भरून आणलंय आणि गड्ड्याच्या यात्रेला घालणार म्हणतात.