किशोरवयीन मुलांमधलं सेल्फ हार्म (स्वतःला इजा करून घेणं) आणि आत्महत्येचे विचार: पालक-शिक्षकांच्या ऑनलाइन वर्कशॉपचा रिव्ह्यू

घरात किंवा वर्गात वयात येणारी मुलं असतील तर असं वर्कशॉप एकदा तरी कराच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. शिकवणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी कुठेही घाबरवलं नाही, अंगावर येणारे फोटो वगैरे तर एकदाही दाखवले नाहीत, हे मला फार आवडलं.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी एका गोष्टीला दिला आणि तो द्यायलाच हवा होता. स्वतःला इजा करून घेणाऱ्या बऱ्याच मुलांना मरायचं नसतं, आतली घालमेल सहन होत नाही किंवा सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं म्हणून करतात आणि बहुतेक वेळा लपवून करतात, मग "नाटकं आहेत, लक्ष वेधून घ्यायचंय" या बोलण्याला काय अर्थ राहतो सांगा. पण म्हणून "वय आहे, जाईल" असं म्हणून सोडायचंही नाही, कारण अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. स्वतःला इजा करून घेणं बहुतेकदा 12 ते 14 वर्षांच्या आसपास सुरू होतं, हॉस्पिटलपर्यंत त्यातली थोडीच मुलं पोचतात, बाकीची आपल्या आजूबाजूलाच वावरत असतात आणि सांगितलंच तर आधी मित्रमैत्रिणींना सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आकड्यांत 15 ते 29 वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसरी आहे, त्यामुळे हा मोजक्या घरांचा प्रश्न नाहीच.

मग प्रॅक्टिस. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" हा प्रश्न प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घेतला. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय, उलट मुलाला हायसं वाटू शकतं. तरी निम्म्या लोकांच्या तोंडून शब्द फुटत नव्हते! "परत करणार नाही अशी शपथ घे" म्हणायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, घरातली औषधं कुलपात ठेवायची, आणि सेफ्टी प्लॅन मुलासोबत बसून त्याच्याच शब्दांत लिहायचा, म्हणजे बिनसायला लागलंय हे कशावरून कळतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कुणाला फोन करायचा.

खटकलं ते असं की मुलग्यांबद्दल फारच कमी बोलले, त्यांचं दुःख पुष्कळदा चिडचिड आणि भांडणातून बाहेर येतं आणि शाळेत त्याला शिक्षाच होते. जिथे काउन्सेलरच नाही तिथल्या शिक्षकाने काय करायचं, यावरही नीट उत्तर मिळालं नाही. मेंदूवरचं सेशन निम्मं केलं तरी चालेल.

आणि कुणी मूल आत्ता तसं बोलत असेल तर वर्कशॉपची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच हेल्पलाइन किंवा डॉक्टर गाठा.

पाचपैकी चार स्टार. पालक आणि शिक्षकांच्या बॅच मात्र वेगळ्या ठेवा, मुलांच्या शिक्षकांसमोर आईबाप मोकळं बोलत नाहीत.