सीट नव्या आल्या आणि एअरबॅग गेल्या

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लिहायला बसलं की आधी राग यायचा. पण परवा ओळखीतल्या एकीने "आमच्या गाडीच्या सीट बदलून घेतोय, एक्स्चेंजमध्ये स्वस्तात मिळतायत" असं सहज सांगितलं. तेव्हा ठरवलं, आता सगळं लिहून टाकायचं.

मी कोल्हापूरला राहते, नोकरी कागलच्या एमआयडीसीत. रोज महामार्गाने जाणं-येणं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कुठून आडव्या येतील याचा नेम नसतो. 2022 च्या सप्टेंबरात पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर आमच्या घरात सीट बेल्ट आणि एअरबॅग यांवर बरंच बोलणं झालं होतं. म्हणून पुढच्या वर्षी जुनी गाडी घेताना मी हट्टाने सहा एअरबॅगवालं टॉप मॉडेल शोधलं. खालच्या मॉडेलपेक्षा सव्वा लाख जास्त मोजले, ते केवळ त्यासाठी.

गाडी 2020 ची. पुढच्या सीटचा फोम बसला होता. आईला कंबरेचा त्रास आहे, दर पंधरा दिवसांनी तिला मिरजेला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि उतरताना ती दाराला धरून दोन मिनिटं तशीच उभी राहायची. फोम भरून घ्यावा म्हणून मी सीट कव्हरच्या एका दुकानात गेले. दुकान मोठं, बाहेर चार गाड्या लागलेल्या, मालक बोलायला गोड.

"ताई, फोमला आठ हजार घालवण्यापेक्षा अख्ख्या सीटच बदला की. याच मॉडेलच्या आहेत, लेदरच्या. गाडी मागून ठोकलेली होती, पुढच्या सीटला काय सुद्धा झालेलं नाही. तुमच्या जुन्या मला द्या, वरती अठ्ठावीस हजार द्या."

बाजूच्या एअरबॅग सीटच्याच पाठीत असतात, म्हणून मी त्यांचं विचारलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर बरेच जण म्हणाले, "तू विचारायला हवं होतंस." मी विचारलं. त्याने सीटच्या बाजूला असलेली, 'एअरबॅग' लिहिलेली कापडी पट्टी बोटाने दाखवली. "हे बघा, हाय की."

दोन पोरांनी दीड तासात सीट बदलल्या. काम चालू असताना गाडीत रेडिओ वाजत होता, म्हणजे इग्निशन चालू होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता माहीत आहे की एअरबॅगच्या सीटला हात लावण्याआधी इग्निशन बंद करायचं असतं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची असते आणि काही मिनिटं थांबायचं असतं, कारण बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली राहते. जिथे हे पाळत नाहीत तिथून तसंच परत निघायचं.

घरी जाताना डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेचना. मी गाडी तशीच परत वळवली. मालक म्हणाला, "सेन्सर जरा हललाय, सगळ्याच गाड्यांना येतं हे." एक पोरगा सीटखाली वाकला, दहा मिनिटं काहीतरी खुडबुड केली, मग हातातलं छोटं स्कॅनर लावलं. दिवा गेला. मी त्याला थँक्यू म्हणून निघाले.

त्या दहा मिनिटांतच खरी फसवणूक झाली.

मला शंका आली ती आईमुळे. ती गाडीत बसली की बेल्ट लावायच्या आधी पर्स मांडीवर नीट घेते, चष्मा पुसते, तोवर गाडी टूं टूं करत राहते आणि ती दर वेळी वैतागते. भारतात 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांत चालकाबरोबर शेजारच्या सीटलाही बेल्टची आठवण करून देणारा आवाज सक्तीचा आहे. सीट बदलल्यावर मिरजेला निघालो आणि आई म्हणाली, "आज ही ओरडत नाही गं." माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर सीटच्या गादीत असतो. नव्या सीटला तो नव्हताच. म्हणजे त्या सीट माझ्या गाडीपेक्षा जुन्या गाडीच्या होत्या.

सर्व्हिस सेंटरला नेली. कॉम्प्युटर लावला, एकही दोष दिसला नाही. तिथला मेकॅनिक वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याने आईची सीट पूर्ण मागे सरकवली, टॉर्च लावला आणि मला म्हणाला, "मॅडम, जरा हिकडं वाकून बघा."

सीटखाली गाडीच्या वायरचा एक पिवळा कनेक्टर होता. एअरबॅगच्या वायरिंगला पिवळा रंग देतात, कारण तिथे हात लावताना माणसाने सावध व्हावं. तो कनेक्टर सीटला जोडलेलाच नव्हता. त्याच्या तोंडाला काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडवल्यावर आत गव्हाच्या दाण्याएवढा, अंगावर रंगीत पट्टे असलेला एक रेझिस्टर, म्हणजे विजेला विरोध करणारा बारीक भाग, निघाला. माझ्या सीटखालीही तसाच.

त्याने समजावून सांगितलं ते असं. एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा विद्युत विरोध साधारण दोन ओहम असतो. गाडीचा कॉम्प्युटर तो सतत तपासत असतो. तुटलेली वायर दिसली की लाल दिवा लावतो. तिथे तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर खोचला की कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, स्कॅनरही सगळं ठीक दाखवतो. बाजारात हा रेझिस्टर दोन-चार रुपयांना मिळतो.

मग त्याने पाठीच्या बाहेरच्या कडेवर अंगठा दाबला. आत फोमच होता. सीट खालच्या मॉडेलच्या, त्यांना बाजूच्या एअरबॅग कधी नव्हत्याच. ती कापडी पट्टी वरून शिवलेली होती. मूळ पट्टी शिवणीच्या आतून आलेली असते, हिच्या चारही बाजूंनी टाके दिसत होते. दुकानात मी ती नुसती पाहिली होती, हात लावून पाहिला नव्हता.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. समोरून धडक बसली तर मध्ये बोनेट असतं, इंजिन असतं. बाजूने ठोकलं तर माणूस आणि समोरची गाडी यांच्यात फक्त दार, वीतभर. म्हणून बाजूची एअरबॅग सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात फुगावी लागते, पापणी लवायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. सीट पुढे-मागे केली तरी ती माणसाच्या बरगड्यांपाशीच राहावी, याच कारणाने ती सीटच्या पाठीत बसवतात. मी आईला दीड महिना त्या रिकाम्या सीटवर बसवून मिरजेला नेत होते.

आणि माझ्या जुन्या सीट? फोम बसला होता, पण दोन्ही एअरबॅग चांगल्या होत्या. दुकानदाराला खरं तर त्याच हव्या होत्या. माझ्याच सीट घेऊन त्याने वर माझ्याकडून अठ्ठावीस हजार घेतले होते.

दुकानात गेले तेव्हा त्याचा सूर बदललेला. "तुम्हीच पसंत केल्या की." पक्कं बिल नव्हतं, नुसती चिठ्ठी होती. पण पैसे मी यूपीआयने दिले होते, आणि एअरबॅग आहे ना असं विचारलेला माझा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज व त्याचं "१०० टक्के" हे उत्तर फोनमध्ये होतं. सर्व्हिस सेंटरकडून फोटोंसह लेखी अहवाल घेतला, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तो नंबर लागतो आणि ते ऐकून घेतात. दहा दिवसांनी त्याचा फोन आला. आईची सीट त्याच्याकडे होती, ती परत मिळाली. माझी विकली गेली होती, कुणाला ते सांगेना. ती नवीन घ्यावी लागली, एअरबॅग आणि फिटिंग धरून एकसष्ट हजार. त्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे "आता काय उपयोग" म्हणून गप्प बसू नका.

सीट बदलल्या नसतील, नुसती कव्हरं घातली असतील, तरी आज खाली जाऊन बघा. एअरबॅग सीटची बाहेरची शिवण फाडून बाहेर येते. साधं जाड कव्हर दुहेरी शिलाईने घट्ट ओढून बसवलं असेल, तर तिला वाटच मिळत नाही. तिथे बाजू मोकळी सोडलेलं किंवा एअरबॅगसाठी मुद्दाम कच्च्या शिवणीचं कव्हरच लागतं. जुनी गाडी घेत असाल तर मेकॅनिकला सीटखाली वाकून पिवळा कनेक्टर सीटमध्ये गेलाय का हे डोळ्यांनी बघायला सांगा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तरी गडबड आहे. आणि विझला म्हणून निर्धास्त होऊ नका, माझाही विझत होता.

त्याच्या त्या दोन लेदरच्या सीट तो तीनदा मागायला आला. मी दिल्या नाहीत. आयोगापुढे पुरावा म्हणून त्या गच्चीवर प्लॅस्टिकखाली बांधून ठेवल्या आहेत, खोट्या पट्ट्यांसकट.