प्रेशर वॉशर आणि कोकणातली तांबडी माती: पावसाळा ते आंब्याच्या हंगामापर्यंतचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घरच्या गाडीसाठी १५०० वॅटचं प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरकस धारेने धुणारं यंत्र, घेतलं. आता आंबा आटोपत आलाय. पावसातला चिखल, थंडीतली धूळ आणि झाडाखालचा चिकटा, तिन्ही त्याच्याकडून धुऊन झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. सहा ते दहा हजारांच्या घरातली ही यंत्रं बरीचशी एकाच धाटणीची असतात, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

आधीच सांगून टाकतो. गाडी चमकवायची असेल तर या यंत्रावाचून काही अडत नाही. गाडीला चिखल लागत असेल तर मात्र जरूर घ्या.

आमचं घर रत्नागिरीजवळ, शेवटचा रस्ता कच्चा, जांभ्याचा. गाडी पांढरी. जुलैमध्ये दारांच्या खालच्या निम्म्या भागावर तांबडा थर बसतो आणि एक दिवस ऊन पडलं की तो कडक होतो. या मातीचा रंग लोहामुळे येतो, पण रंगापेक्षा तिच्यात मिसळलेली बारीक रेव जास्त त्रासाची. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यावर रेवेसकट ओलं फडकं फिरवलं की गोल गोल ओरखडे उठतात. पांढऱ्या गाडीवर ते पटकन दिसत नाहीत, काळ्या गाडीवर उन्हात लगेच दिसतात. प्रेशर वॉशरने ही रेव हात न लावता उतरते. माझ्या लेखी त्याची खरी किंमत इथेच वसूल होते.

माझी पद्धत अशी. गाडी सावलीत, बॉनेट गार झालेलं. आधी नुसत्या पाण्याने सगळीकडून भिजवून पाच मिनिटं सोडून देतो, म्हणजे वाळलेली माती मऊ पडते. मग पंख्यासारखी धार देणारा नोझल लावून वरून खाली येतो, पत्र्यापासून किमान एक फूट लांब. गोल फिरणारी जोरकस धार मी फक्त मडगार्डच्या आत आणि अंगणातल्या फरशीवर वापरतो. टायरच्या कडेला, सोललेल्या रंगावर, स्टिकरच्या कोपऱ्यावर आणि रेडिएटरच्या जाळीवर ती अजिबात मारू नये. जाळीची पाती वाकतात, स्टिकर उचकटतो. इंजिनाच्या खोलीतही ही धार नको. तिथे ओलं फडकं पुरतं.

दोन जागा मात्र आवर्जून बघायच्या. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. चिखलाने ती बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. दार उघडून खालून बोट फिरवा, मातीची गोळी हाताला लागेल. दुसरी जागा वायपरखालची जाळी. तिथे आंब्याची पानं कुजून पाण्याची वाट अडते. ती आधी हाताने काढायची, धारेने आत ढकलायची नाहीत.

समुद्र जवळ असल्यामुळे गाडी खालूनही धुवावी लागते. वाकड्या तोंडाची नळी वेगळी मिळते, ती घ्याच. खारी हवा आणि ओला चिखल एकत्र बसला की बोल्ट आणि सायलेन्सर लवकर गंज धरतात. धुऊन झाल्यावर गाडी थोडी फिरवून दोनचार वेळा ब्रेक दाबा आणि ओल्या ब्रेकवर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गियरमध्ये लावा, चाकामागे दगड टाका. नाहीतर सकाळी मागची चाकं धरून बसतात.

आता फेस. व्हिडिओत दिसतो तसा दाट फेस या वर्गातल्या यंत्राने सहसा निघत नाही, कारण पाणी मिनिटाला सहा लिटरच्या आसपास येतं. यंत्राला लावायच्या फेसाच्या बाटलीत पितळी गाभ्याचं भोक साधारणपणे १.२५ मिलिमीटरचं असतं. ते बदलून १.१ मिलिमीटरचं टाकलं की फरक डोळ्यांना दिसतो. शाम्पू गाडीचाच घ्या, पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी. भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा निघतो तसं वॅक्सही निघून जातं. फेसाचा उपयोग माती सैल करण्यापुरता, पुढचं काम दोन बादल्यांचं. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली तांबडी रेव एकदा पाहिलीत की एका बादलीत अख्खी गाडी धुवावीशी वाटणार नाही.

मोहराच्या दिवसांत प्रश्न वेगळा. झाड मोहरलं की तुडतुडे येतात, त्यांच्यातून गोडसर चिकट थेंब पडतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. याला प्रेशरचा उपयोग नाही, हे ठामपणे सांगतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं काचेवर आणि छतावर पसरून ठेवायचं, मग चिकटा अलगद निघतो. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय, फक्त ती त्याच दिवशी काढायची, कारण उन्हात ती रंगात मुरते.

पाण्याबद्दल खूप जण विचारतात. धार सुरू असते तेवढाच वेळ पाणी जातं, त्यामुळे उघड्या पाइपपेक्षा खर्च बराच कमी. पण बादली आणि फडक्यापेक्षा कमी नाही, हेही खरं. बंगळुरूत २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली आणि ५००० रुपये दंड ठेवला गेला. आमच्याकडेही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. त्या दिवसांत मी यंत्र बाहेर काढत नाही, धूळ आधी फुंकून मग दोन बादल्यांत काम उरकतो. आमच्या विहिरीचं पाणी हलकं आहे, डाग राहत नाहीत. पुण्यात चुलतभावाकडे बोअरचं पाणी जड, तिथे गाडी आपोआप वाळू दिली की काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके. त्याने जाड, लांब धाग्यांचा मायक्रोफायबर टॉवेल घेतला, न घासता नुसता पसरवून ओढतो, तेव्हापासून ठिपके नाहीत. हे टॉवेल धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्यांचं पाणी शोषणं बंद होतं.

विजेचं बोलणं टाळू नका. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर हे चालवणं बरोबर नाही. मी अंगणात १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला, एक्स्टेन्शनला अडीच चौरस एमएमची वायर आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल्या पायाने हातात धार सोडायची गन धरायची असते, तेव्हा हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा.

तक्रारी आहेत. सोबत आलेला पाच मीटरचा पाइप कडक, वळ धरून बसतो, गाडीला वळसा घालताना टायरखाली अडकतो. मी आठ मीटरचा मऊ पाइप वेगळा घेतला. नळाला जोडायचा प्लास्टिकचा कपलर पावसाळ्यातच गळायला लागला, पितळी टाकला. आवाज मोठा आहे, सकाळी सातला शेजारी कुणी झोपलेलं असेल तर चालवू नका. आणि दिवाळीच्या सुमारास एक गंमतशीर वाटणारी पण दुर्लक्ष न करण्याजोगी गोष्ट सुरू झाली: गन सोडलेली, मोटर थांबलेली, तरी मध्येच क्षणभर घुर्र करून ती आपोआप सुरू व्हायची. याचा अर्थ दाब कुठूनतरी निसटतोय. गनच्या जोडातला रबरी ओ-रिंग चेपला होता. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळाला, थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बसवला, घुरघुर बंद.

नळाला जोर नसेल तर पिंपातूनही हे यंत्र पाणी ओढतं, फक्त तुमच्या मॉडेलला ती सोय आहे ना हे घेण्याआधी पाहा. पिंप ओट्यावर, यंत्र खाली. ओढायचा पाइप आधी पाण्याने भरून घ्यायचा, गन दाबून हवा जाऊ द्यायची, मगच बटण. कोरडा पंप चालला की आतली सील जातात. आत येणाऱ्या पाण्याची जाळी दर खेपेला काढून धुवा, विहिरीच्या पाण्यात शेवाळ असतंच. काम झाल्यावर वीज बंद करून गन एकदा दाबा, आतला दाब उतरला की मग पाइप काढा.